साइट बंद करतात म्हणजे नेमकं काय करतात, आणि त्यातून वाट कशी काढायची?

पाऊलवाट

माझा धाकटा भाऊ ज्या देशात नोकरीला आहे त्याचं नाव लिहिणार नाही, कारण तो अजून तिथेच आहे. एका रात्री तिथली चॅटची अ‍ॅप्स बंद पडली, सकाळी बातम्यांच्या साइट गेल्या आणि दोन दिवसांत त्याचा व्हीपीएनसुद्धा, म्हणजे सगळं येणंजाणं दुसऱ्याच सर्व्हरमार्गे नेणारी सोय, नुसता गोल फिरत राहायला लागला. साधा फोन तेवढा चालू होता. बंदी चुकवून, ओळख लपवून साइट दाखवणारा टॉर ब्राउझर त्याच्या लॅपटॉपवर आधीपासून होता पण तोही जोडेना. मला एवढंच माहीत होतं की ब्रिजची, म्हणजे टॉरमध्ये शिरायच्या आडवाटेच्या पत्त्याची, एक ओळ मिळाली तर कदाचित काम होईल, ती मी इकडून मिळवली आणि फोनवर त्याला वाचून दाखवायला बसले.

ज्यांनी ती ओळ पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आधी ओबीएफएस-फोर असं नाव, मग आयपी आणि पोर्ट, म्हणजे त्या सर्व्हरचा आकडी पत्ता आणि दार, मग ४० अक्षरांचा ठसा, आणि त्यापुढे सर्ट म्हणून ७० अक्षरं ज्यात कॅपिटल, स्मॉल, आकडे, अधिकचं चिन्ह, तिरकी रेघ सगळं मिसळलेलं. "क्यू कॅपिटल. मग एल, लंडनमधला, स्मॉल. आय नाही रे, एल." असं पाऊण तास. पहिल्यांदा जोडलंच नाही. मग त्याने अख्खी ओळ मला परत वाचून दाखवली तेव्हा कॅपिटल ओच्या जागी शून्य निघालं. ते बदललं आणि पट्टी सरकायला लागली, तो फोनवर आकडे सांगत होता, दहा टक्के, तीस, पन्नास, पंचाहत्तरवर बराच वेळ अडकली तेव्हा आम्ही दोघंही गप्प. मग शंभर. मला रडू आलं, खरंच सांगते.

त्या रात्रीपासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली आहे, की तोडगा बंदी यायच्या आधी हाताशी असायला हवा. आग लागल्यावर विहीर खणायला घेतली तर काय उपयोग. बंदी आली की सगळ्यात आधी जाते ती तोडगा डाउनलोड करायची जागा. चीनमध्ये २०१७ च्या जुलैत अ‍ॅपलने तिथल्या अ‍ॅप स्टोअरमधून व्हीपीएनची अ‍ॅप्स काढून टाकली, ज्यांच्या फोनवर आधीच होती त्यांची निदान तेवढी तरी राहिली.

म्हणून धागा काढतेय. ज्यांना कळतं त्यांनी साध्या भाषेत लिहा, आणि पहिल्यांदा मला हे सांगा की "बंद" करतात म्हणजे कुठे काय बंद करतात?

तारायंत्र

पाऊलवाट, छान लिहिलंत. पण आधी एक काळजीची गोष्ट. साधा फोन ऐकता येतो, त्यात सरकारला काहीच कष्ट नाहीत. तुमच्या भावाचं निभावलं, पण पुढच्या वेळी ओळ फोनवर वाचू नका, शक्य असेल तर आधीच दोन-तीन ब्रिज वेगवेगळ्या ठिकाणी लिहून ठेवा.

आता तुमचा प्रश्न. बंदी एका जागी नसते, वाटेत चार-पाच नाके असतात आणि कुठल्या नाक्यावर अडवलंय ते कळल्याशिवाय तोडगा निवडणं म्हणजे अंधारात तीर.

पहिला नाका डीएनएस. साइटचं नाव दिलं की तिचा आयपी पत्ता सांगणारी ही डिरेक्टरी. कंपनीला सांगायचं की हे नाव विचारलं तर खोटा पत्ता दे, झाली बंदी. सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कच्ची. २०१४ च्या मार्चमध्ये तुर्कस्तानात ट्विटर असंच बंद केलं तर लोकांनी भिंतींवर स्प्रेने ८.८.८.८ लिहून टाकलं, म्हणजे गूगलच्या डीएनएसचा पत्ता, सेटिंगमध्ये हा आकडा टाका आणि पुढे जा. पण गोष्ट तिथे संपत नाही. थोड्याच दिवसांत तिथल्या कंपन्यांनी गूगलच्या डीएनएसकडे जाणारा रस्ताच स्वतःकडे वळवून घेतला, लोक ८.८.८.८ ला विचारत होते आणि उत्तर भलताच देत होता. म्हणून नुसता आकडा बदलून भागत नाही, डीएनएसचं विचारणंच एन्क्रिप्टेड हवं. आजकाल ब्राउझरच्या सेटिंगमध्ये "सिक्युअर डीएनएस" असतं ते चालू करा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा नाका आयपी पत्त्यांचा, म्हणजे त्या पत्त्याकडे जाणारे रस्तेच बुजवायचे. यात सरकारचा हात कसा भाजतो बघा. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तानने यूट्यूब देशापुरतं बंद करायला खोटा रस्ता जाहीर केला, तो चुकून बाहेर गेला आणि जवळपास दोन तास जगभरातल्या बऱ्याच लोकांचं यूट्यूब गेलं. रशियाने २०१८ च्या एप्रिलमध्ये टेलिग्राम बंद करायला अ‍ॅमेझॉन आणि गूगलचे दीड कोटीहून जास्त पत्ते अडवले, ज्यांचा काही संबंध नाही अशा कितीतरी सेवा बसल्या, टेलिग्राम मात्र चालतच राहिलं आणि २०२० च्या जूनमध्ये बंदी उठवावी लागली.

तिसरा आणि चौथा नाका जास्त वाईट, ते रात्री लिहितो.

शांत_पाणी

एक शंका. सगळ्या साइट आता एचटीटीपीएस आहेत ना, कुलपाचं चिन्ह असतं, मग मधल्या माणसाला मी कुठे चाललोय ते कळतंच कसं?

तारायंत्र

चांगला प्रश्न, तोच तिसरा नाका. कुलूप लागायच्या आधी तुमचा ब्राउझर समोरच्याला साइटचं नाव उघड सांगतो, त्याला एसएनआय म्हणतात. म्हणजे पाकीट बंद, पण वर नाव लिहिलेलं. आत काय ते दिसत नाही, कुणाला ते दिसतं. चीनची यंत्रणा ते नाव वाचते आणि दोन्ही बाजूंना "समोरच्याने फोन ठेवला" असा खोटा निरोप पाठवते, तुम्हाला वाटतं साइटच पडली. हे नाव झाकायची सोयही आली आहे, पण तिच्या आधीच्या रूपाला चीनने २०२० च्या जुलैत आणि नव्या रूपाला रशियाने २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अडवायला सुरुवात केली. नाव दिसत नाही ना, मग पाकीटच फेकून द्या, असा हिशोब.

चौथा नाका म्हणजे पाकिटाचा आकार, वजन, वागणूक बघणं. याला डीपीआय म्हणतात. तुमचा व्हीपीएन "कनेक्टिंग" वर फिरत राहतो तो बहुतेक इथे. वायरगार्डचंच उदाहरण बघा, व्हीपीएनचा फार सुंदर प्रोटोकॉल आहे, पण त्याचा पहिला निरोप नेहमी बरोब्बर १४८ बाइटचा असतो. ओळखायला वेळ लागत नाही. वायरगार्ड काय किंवा ओपनव्हीपीएन काय, दोन्ही सुरक्षित आहेत पण लपायला बनवलेले नाहीत, हा फरक लोक विसरतात.

आणि पाचवा, ज्याची मला स्वतःला सगळ्यात धास्ती वाटते. संशय आला की चीनची यंत्रणा स्वतः त्या पत्त्यावर जाऊन दार वाजवते, मी टॉरचा ग्राहक आहे असं म्हणून बघते, आणि दार उघडलं की तो पत्ता बंद. पाऊलवाट, तुम्ही भावाला जी ७० अक्षरं वाचून दाखवलीत ना, ती यासाठीच आहेत. ती किल्ली ज्याच्याकडे नाही त्याला तो ब्रिज काहीच उत्तर देत नाही. एक अक्षर चुकलं तरी गप्प. तुमचं शून्य आणि ओ तिथेच अडलं होतं.

पाऊलवाट

हे वाचून अंगावर काटा आला. मला वाटलं होतं उगीच लांबलचक केलंय. फोनचं तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य, त्या रात्री सुचलं नाही. आता त्याच्याकडे तीन ब्रिज कागदावर लिहिलेले आहेत आणि तो कागद घरात नाही.

उंबरठा

सगळे व्हीपीएन व्हीपीएन करतात म्हणून पोटतिडकीने लिहितो. फुकट व्हीपीएन लावण्याआधी दहा वेळा विचार करा. आतापर्यंत तुमचं सगळं येणंजाणं तुमची इंटरनेट कंपनी बघत होती, आता ते व्हीपीएनवाला बघणार, एवढाच बदल होतो. मी स्वतः एक फुकटचं अ‍ॅप दीड वर्ष वापरलं, नाव घेत नाही, नंतर कळलं की माझंच कनेक्शन ते तिसऱ्यालाच भाड्याने देत होते, म्हणजे कोणी अनोळखी माणूस माझ्या पत्त्यावरून इंटरनेटवर फिरत होता. त्याने काय केलं मला कधीच कळणार नाही. झोप उडाली होती माझी.

"आम्ही लॉग ठेवत नाही", म्हणजे तुम्ही काय बघितलं त्याची नोंद ठेवत नाही, हे वाक्यही तपासल्याशिवाय खरं मानू नका. भारतात २०२२ मध्ये सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली तेव्हा काही कंपन्यांनी आपले सर्व्हरच तिथून हलवले. तुमची कंपनी कुठल्या देशात आहे, तिथला कायदा काय सांगतो, बाहेरच्या कोणी त्यांचं तपासलंय का, हे बघा. थोडं तांत्रिक जमत असेल तर आऊटलाइन नावाचं साधन आहे, स्वतः सर्व्हर भाड्याने घेऊन आपल्या माणसांपुरता व्हीपीएन चालवता येतो. दहा जणांपुरता सर्व्हर असेल तर तो यादीत यायलाही वेळ लागतो.

आणि एक गोष्ट काळजावर कोरून ठेवा. सरकारने, कंपनीने, कोणीही सांगितलं की हे सर्टिफिकेट फोनमध्ये इन्स्टॉल करा म्हणजे इंटरनेट नीट चालेल, तर करू नका. २०१९ च्या जुलैत कझाकस्तानात लोकांना असंच सांगितलं होतं. ते एकदा टाकलं की एचटीटीपीएसचं कुलूपच त्यांच्या किल्लीने उघडतं, पासवर्ड, मेसेज, सगळं. ऑगस्टमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीने ते सर्टिफिकेटच नाकारलं म्हणून निभावलं. व्हीपीएन बंद पडला तर तुम्हाला साइट दिसत नाही एवढंच, हे सर्टिफिकेट टाकलंत तर त्यांना तुम्ही दिसता.

शांत_पाणी

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. काही साइट बंद असायलाच हव्यात, लहान मुलांवरचे अत्याचार वगैरे. आणि दंगल पेटलेली असताना अफवा थांबवायला सरकारने दोन दिवस काही बंद केलं तर त्यात चूक काय? तुम्ही सगळेच तोडगे सांगताय, ते वाईट माणूसही वाचेल.

पाऊलवाट

राग कशाला, हा प्रश्न मला पण पडतो. पण वाईट माणसाकडे पैसा असतो, वेळ असतो, तो आपली सोय करतोच. अडकतो तो माझ्या भावासारखा, ज्याला फक्त घरी बोलायचं असतं. आणि अफवेचं म्हणाल तर खरी बातमी बंद केल्यावर माणसाकडे उरतं काय, कोणीतरी कानात सांगितलेलं. तुर्कस्तानात अख्खा विकिपीडिया २९ एप्रिल २०१७ पासून १५ जानेवारी २०२० पर्यंत बंद होता, दोनेक लेखांवरून. पावणेतीन वर्षं म्हणजे एखादी मुलगी आठवीतून अकरावीत जाते. शेवटी तिथल्या घटनात्मक कोर्टाने ती बंदी चुकीची ठरवली, पण तिची ती वर्षं कोण परत देणार? कोर्टाचा हुकूम असेल, कारण लिहिलेलं असेल, दाद मागता येत असेल तर त्यावर बोलू. रात्रीत गुपचूप बंद केलेल्याला मी सुरक्षा म्हणणार नाही.

तारायंत्र

+१. अख्खा विकिपीडिया का, तेही सांगतो. २०१५ मध्ये विकिपीडिया पूर्ण एचटीटीपीएसवर गेला, त्यानंतर मधल्याला एकेक पान वेगळं दिसेनासं झालं. आता बंद करायचा तर सगळा, नाहीतर काहीच नाही. बऱ्याच सरकारांना सगळा बंद करायचं धाडस होत नाही. चांगले तोडगे सगळे याच तत्त्वावर उभे आहेत, की ज्याला हात लावला तर त्यांचंही नुकसान होईल अशा गर्दीत मिसळून जायचं. पूर्वी गूगल-अ‍ॅमेझॉनच्या नावाआड लपून जायची एक युक्ती होती, सिग्नल अ‍ॅपने इजिप्त आणि अमिरातीत तीच वापरली, पण २०१८ च्या एप्रिलमध्ये दोन्ही कंपन्यांनी ते दार बंद केलं. अजून वाईट वाटतं त्याचं.

हल्ली नुसतं न ओळखू येणारं असूनही भागत नाही. २०२१ च्या नोव्हेंबरपासून चीनमध्ये जे कशासारखंच दिसत नाही ते अडवायला लागले, शॅडोसॉक्स हा तसाच एक तोडगा, तो वापरणाऱ्यांना तेव्हा मोठा फटका बसला. म्हणून आता साध्या वेबसाइटचा वेश घेणारे प्रकार आलेत, टॉरचं वेबटनेल २०२४ च्या मार्चमध्ये आलं ते याच जातीचं.

मुळाक्षर

मला तंत्रातलं काही कळत नाही, मी भाषेची माणूस आहे. पण वाट भाषेतूनही निघते म्हणून लिहिते.

मार्च २०२० मध्ये चीनमधल्या एका मासिकाने वुहानच्या एका डॉक्टरबाईंची मुलाखत छापली, साथीबद्दल त्यांनी सुरुवातीलाच सावध केलं होतं आणि त्यांनाच गप्प बसवलं गेलं. काही तासांत ती मुलाखत इंटरनेटवरून काढली. मग लोकांनी काय केलं, तीच मुलाखत उलट्या क्रमाने लिहिली, शेवटच्या अक्षरापासून पहिल्यापर्यंत. कोणी इमोजीत लिहिली, कोणी मोर्समध्ये, कोणी हाडांवर कोरायच्या प्राचीन चिनी लिपीत. गाळणी यंत्राला शब्द कळतात, माणसाला अर्थ कळतो, त्या मधल्या फटीतून लोक गेले. मी त्यातलं इमोजीचं एक रूप पाहिलं होतं, मला चिनी येत नाही, पण जिथे नाव घ्यायचं नव्हतं तिथे एवढ्याशा चित्राने काम केलेलं बघून गलबलून आलं.

दोन वर्षं आधी, २०१८ च्या एप्रिलमध्ये, पेकिंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थिनीचं लैंगिक छळाच्या प्रकरणावरचं पत्र असंच पुसत होते, तर कोणीतरी ते इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या एका व्यवहारात चिकटवून टाकलं. तिथून ते कोणालाच पुसता येत नाही. आणि लैंगिक छळाविरुद्धच्या चळवळीचं "मी टू" हे इंग्रजी नाव लिहायची बंदी तर भात आणि ससा अशी चित्रं टाकायची, कारण चिनीत भाताच्या शब्दाचा उच्चार "मी" आणि सशाचा "तू" असा होतो. बाईच्या तोंडावर हात ठेवला तरी ती बोलायची थांबत नाही.

दगडवाट

हे सगळं इंटरनेट चालू असेल तर. पूर्णच बंद केलं तर? माझी मैत्रीण अशा एका आठवड्यातून गेली आहे, तिच्या आईचं ऑपरेशन त्याच दिवसांत होतं आणि ती दुसऱ्या खंडात. सात दिवस काही कळलं नाही.

उंबरठा

पूर्ण बंदला पूर्ण उत्तर नाही, खोटी आशा दाखवणार नाही. पण थोडं थोडं करता येतं.

इजिप्तमध्ये २०११ च्या २७-२८ जानेवारीच्या रात्री जवळजवळ सगळं इंटरनेट गेलं, २ फेब्रुवारीपर्यंत. परदेशात लावायचे फोन चालू होते, तर फ्रान्समधल्या एफडीएन नावाच्या एका छोट्या संस्थेने साध्या फोनलाइनवरून इंटरनेट देणारा आपला जुना डायल-अप नंबर सगळ्यांसाठी उघडा केला, कपाटातले मोडेम काढून लोकांनी तो लावला. गूगल आणि ट्विटरने फोनवर बोललेलं ट्वीट म्हणून टाकायची सोय केली. इराणमध्ये २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मात्र आठवडाभर बाहेरचं सगळं बंद आणि देशातल्या बँका, सरकारी साइट चालू, म्हणजे सरकारचा स्वतःचा हात भाजत नाही अशी व्यवस्था करून ठेवलेली. ते जास्त भीतीदायक आहे.

इराणसाठीच तूशे नावाची एक सोय आहे, मला फार आवडते. घरावर टीव्हीची डिश असतेच, एका चॅनेलवर चित्र म्हणून फायली पाठवतात, सेट-टॉप बॉक्सवर पेनड्राइव्ह लावून तो चॅनेल रेकॉर्ड करायचा, मग कॉम्प्युटरवर त्यातून लेख, व्हिडिओ, अ‍ॅप्स उलगडायची. इंटरनेट लागतच नाही. येणं एकतर्फी आहे, पाठवता काही येत नाही, पण कोण घेतंय तेही कोणाला कळत नाही. क्युबात आठवड्याला साधारण एक टेराबाइटची हार्डडिस्क हातोहात फिरते ती त्यातलीच. आणि रेडिओ विसरू नका, २०२२ च्या मार्चमध्ये बीबीसीने युक्रेन आणि रशियाच्या काही भागासाठी शॉर्टवेव्ह पुन्हा सुरू केलं.

जवळच्या जवळ बोलायला ब्रायर आहे, ब्लूटूथ आणि वायफायवर फोन ते फोन चालतं, आणि एका फोनवर असेल तर ते अ‍ॅप इंटरनेटशिवाय दुसऱ्या फोनवर देता येतं. ब्रिजफाय मात्र जपून, हाँगकाँगच्या २०१९ च्या आंदोलनात खूप वापरलं गेलं आणि २०२० मध्ये संशोधकांनी त्यात गंभीर खिंडारं दाखवली. चालतं आणि सुरक्षित आहे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आणि जिथे नुसतं व्हीपीएन फोनवर सापडलं तरी चौकशी होते तिथे आपल्या माणसाला हौसेने काही लावायला सांगू नका, जोखीम त्याची आहे, त्यालाच ठरवू द्या.

दगडवाट, आई बऱ्या आहेत ना मैत्रिणीच्या?

दगडवाट

हो, आता बऱ्या आहेत. विचारल्याबद्दल बरं वाटलं.

काजवा

ज्यांच्याकडे इंटरनेट मोकळं आहे त्यांना करण्यासारखं एक काम सांगतो. स्नोफ्लेक नावाचं एक्स्टेन्शन आहे, फायरफॉक्स आणि क्रोम दोन्हींवर चालतं, टॉरवाल्यांचंच आहे. ते लावलं की तुमचा ब्राउझर कुठल्यातरी अडकलेल्या माणसासाठी थोड्या वेळापुरता पूल होतो. बाहेरून ते व्हिडिओ कॉलसारखं दिसतं, आणि असे पूल हजारोंनी सतत उगवतात-मावळतात म्हणून यादी करून बंद करणं अवघड जातं. २०२२ मध्ये इराणमध्ये महसा अमिनी ही तरुणी पोलिसांच्या ताब्यात असताना गेली, त्यानंतर जी बंदी आली तेव्हा स्नोफ्लेक वापरणारे अचानक प्रचंड वाढले. ऑक्टोबरमध्ये तिथल्या यंत्रणेने त्याची एक बारीक खूण पकडलीसुद्धा, मग ती खूण पुसून नवी आवृत्ती काढावी लागली. हे असंच चालतं, आपण दोर ओवायचा, त्यांनी कापायचा, पुन्हा ओवायचा.

शांत_पाणी

पण माझ्या पत्त्यावरून कोणी भलतंच काही केलं तर? उंबरठा यांचा अनुभव वाचून भीती वाटते.

काजवा

इथे तसं नाही. तो माणूस तुमच्याकडून थेट साइटवर जात नाही, आधी स्नोफ्लेकच्या सर्व्हरवर आणि तिथून टॉरच्या आणखी नोड्समधून, म्हणजे मधल्या सर्व्हरमधून, जातो. साइटला शेवटच्या नोडचा पत्ता दिसतो, तुमचा नाही. तो काय बघतोय तेही तुम्हाला दिसत नाही, आणि बाकीचं तुमचं इंटरनेट नेहमीसारखं चालतं. फक्त हे मोकळ्या देशातूनच लावा, जिथे टॉरच बंद आहे तिथून पूल होऊन काही उपयोग नाही.

पाऊलवाट

काल संध्याकाळी लावलं. वर कोपऱ्यात एक बर्फाचं फूल येतं, त्यावर क्लिक केलं की गेल्या चोवीस तासांत किती जणांना मदत झाली तो आकडा दिसतो. रात्री झोपताना शून्य होता, मला वाटलं काहीतरी चुकलंय. भावाशी बोलताना त्याला सांगितलं तर म्हणाला, ब्राउझर बंद करू नकोस, नुसता उघडा ठेव.

शांत_पाणी

मी पण लावलंय, दुपारपासून. सध्या एक.

पाऊलवाट

माझे सकाळी चार झाले होते. लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवलाय.